कारलं त्यांचं, साखर काकूंची

दिल्लीने बादशहा पाहिले, व्हाइसरॉय पाहिले, मंत्री आणि त्या मंत्र्यांचे प्रवक्ते पाहिले. पण दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन टाकण्यात आमच्या वरच्या काकांचा हात धरेल असा माणूस या शहरात झाला नाही आणि व्हायचाही नाही. ‘वरचे’ म्हणजे सरोजिनी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या वरच्या मजल्यावरचे. पुढे निवृत्त होऊन ते नोएडाला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तरी आमच्या तोंडी ते वरचे काकाच राहिले. मी लग्न होऊन दिल्लीत आले त्या दिवशी जिन्यातल्या साऱ्या बायका मला बघायला जमल्या होत्या. प्रवास कसा झाला, भूक लागली असेल ना, दिल्ली आवडली का, असं त्यांनी विचारलं. मी पदर सावरत तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘प्रवास उत्तम झाला, भूक आहे, दिल्ली आवडेल हळूहळू.’ मी चमकून पाहिलं, तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ माझी ट्रंक उचलून आत आणत होते. त्यांनी मला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. तिन्ही उत्तरं बरोबर होती, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे.

यात त्यांचा आगाऊपणा नव्हता. प्रश्न हवेत लोंबकळत राहिलेला त्यांना बघवत नसे, एवढंच. बसमध्ये कंडक्टरने पुढच्या माणसाला ‘कहाँ जाना है?’ विचारलं आणि तो खिसे चाचपू लागला, की काका मागून ‘सचिवालय’ असं सांगून मोकळे होत, कारण माणूस त्यांना सचिवालयात जाणारा वाटला असे. ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण कारकून होता. साहेबांनी त्याला विचारलं, शिलाँगला बदली झाली तर जाणार का? तो बिचारा आईला विचारून सांगतो म्हणणार होता. काका फायलीतून मान वर न करता म्हणाले, ‘बिल्कुल जाएगा साहब, इसको पहाड़ पसंद है.’ तो गेला. तिथून तो दर दिवाळीला काकांना कार्ड पाठवायचा, आणि त्यात शुभेच्छा असतात की तक्रार, हे काकांना कधी नीट ठरवता आलं नाही. माझ्या दिराला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा वडीलधारे म्हणून काका सोबत होते. मुलीच्या वडिलांनी दबकत विचारलं, ‘मग, पसंत आहे का?’ दीर लाजून जमिनीकडे बघत होता. ‘पसंत आहे,’ काका म्हणाले आणि पोहे पुढे ओढले. तो संसार आजही सुखाने चालला आहे. भांडण झालं की दोघंही काकांचं नाव काढतात.

फक्त एका माणसाच्या बाबतीत काका कधी उत्तर देत नसत, आणि ते म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या वरच्या काकू. काकूंना कुणी साधं ‘पंखा लावू का?’ विचारलं, तरी काका ओठ घट्ट मिटून छताकडे बघत बसत. उत्तर त्यांच्या घशापर्यंत आलेलं आम्हाला दिसायचं. गिळताना कंठमणी खालीवर व्हायचा. काकू तशा सावकाश बोलणाऱ्या, विचार करून बोलणाऱ्या. त्यांचा विचार पुरा होईपर्यंत काकांचा जीव टांगणीला लागायचा, पण ते बोलायचे नाहीत. हे काय गौडबंगाल आहे ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. शेवटी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात, मंद गॅसवर काहीतरी काळंभोर ढवळत असताना, काकांनीच मला ते सांगितलं.

वडील वारल्यानंतर काका काकूंना घेऊन गयेला गेले होते. तिथे पिंडदान झालं की आवडीची एखादी वस्तू कायमची सोडायची, असा रिवाज. काकांनी आपलं उत्तर दिल्लीहूनच तयार करून नेलं होतं. पंड्याने ‘बाबूजी, क्या छोड़ते हैं?’ विचारल्याबरोबर ते म्हणाले, ‘करेला.’ पंड्याने असली कारली जन्मभर पाहिलेली. तो म्हणाला, ‘करेला तो सब छोड़ते हैं बाबूजी, कभी कुछ प्यारा भी छोड़िए.’ मागच्या रांगेतले लोक हसले. काकांचे कान लाल झाले. तेवढ्यात पंड्याने मोर्चा काकूंकडे वळवला, ‘माताजी, आप?’ काकू विचार करू लागल्या. त्यांच्या मनात रामफळ होतं असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि दिल्लीत रामफळ औषधालाही मिळत नाही, म्हणजे त्याही काही कमी नव्हत्या. पण गाडीची वेळ होत आली होती, लोक बघत होते, आणि या घरातली माणसंही प्यारी वस्तू सोडू शकतात हे काकांना त्या पंड्याला दाखवून द्यायचं होतं. ‘इनको शक्कर बहुत प्यारी है,’ ते म्हणाले, ‘शक्कर छोड़ दी.’ पंड्याने विचारलं, ‘और गुड़?’ काका कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यांतले नव्हते. ‘गुड़ भी,’ ते म्हणाले. काकूंच्या तळहातावर पाणी पडलं आणि मंत्र संपला.

‘तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, सूनबाई,’ काका म्हणाले. ‘फक्त एकदा. मग मुगलसरायपर्यंत एक शब्द नाही. तिथे चहावाला आला तेव्हा म्हणाली, माझा बिनसाखरेचा सांगा.’ काकू म्हणजे चहात तीन चमचे साखर घालणारी बाई. चहा हे त्यांना साखर ओली करायचं निमित्त होतं. काकांनी गाडीतच हात जोडले, म्हणाले, हे काही खरं नव्हे, बोललो मी, तू कुठे बोललीस? काकू म्हणाल्या, ‘बोललात तुम्ही, पण पाणी माझ्या हातावर पडलंय.’ त्यावर काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदाच काकांना उत्तर सुचलं नाही.

काकूंनी या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. त्यांनी फक्त दर आठवड्याला कारल्याची भाजी करायला सुरुवात केली. चिंच घालून, तीळकूट पेरून, खमंग. तिचा वास जिन्यात दरवळायचा आणि काका, ज्यांनी जन्मात कारल्याला हात लावला नव्हता, ते ताटावर बसून त्या भाजीकडे बघत राहायचे. ‘सोडल्यावर कळतंय, बरी लागत असणार,’ असं ते मला एकदा खासगीत म्हणाले. एवढा सूड सोडला तर काकूंचा राग कधी कुणाला दिसला नाही. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी जमायची. तिथे एका नव्याने आलेल्या अधिकाऱ्याच्या बायकोने काकूंना तिळगुळाचा फारच आग्रह केला. काकूंनी लाडू कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. ती बाई म्हणाली, ‘अय्या, तुम्हाला गोड आवडत नाही का?’ काका शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘आवडतं की. पण सध्या नको.’ पुढे कित्येक वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं. ते ‘सध्या’ काही संपलं नाही, आणि हे नवऱ्यामुळे झालं, असंही त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी परतताना बसमध्ये कंडक्टरने काकांना स्वतःला कुठे जायचं विचारलं, तेही मलाच सांगावं लागलं.

तर अशी ही भानगड होती, आणि तिच्यातून सुटायचा मार्ग काकांनी फळांत शोधला. साखर गेली, गूळ गेला, पण फळं कुठे सोडली होती? फळातला गोडवा काढून तो चहात घातला तर वचनही राहतं आणि काकूंचं तोंडही गोड होतं. एका वृद्ध गुरुजींना त्यांनी विचारून घेतलं. गुरुजी म्हणाले, फळाला हरकत नाही. मग काकूंना विचारलं, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत काका खरोखर थांबले. काकूंनी भाजी निवडत विचार केला आणि म्हणाल्या, ‘फळच असेल, दुसरं काही नसेल, तर घेईन.’ त्या दिवसापासून काकांचं स्वयंपाकघर सुरू झालं. साखरेचा कधी स्पर्श झालेला नाही असं नवं पातेलं आलं, नवी कढई आली. नव्या चमच्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला गेला, आणि तो चमचा चुकून कुणी साखरेच्या डब्यात घातला तर काका तो भंगारवाल्याला देऊन टाकत. असे चमचे बरेच गेले.

पहिला मान केळ्याचा. पिकून काळी पडलेली केळी शिजवून, गाळून त्यांनी जे काही बनवलं, त्याने चहाला खिरीचा दाटपणा आला आणि वास आला शिकरणीचा. मग चिकू. तो रवाळ निघाला, कपाच्या तळाशी बसून राहिला. मग सिमल्याची सफरचंदं. त्यांचा पाक दिसायला इतका सुंदर झाला की काका तो जिनाभर दाखवत फिरले, आणि चहात पडल्याबरोबर दूध फाटलं. इंडिया गेटच्या बाजूला रस्त्यावर जांभळं पडतात, ती त्यांनी रविवारी जाऊन पिशवीभर वेचून आणली. तो चहा जांभळा झाला आणि फाटलाही. तुतीचं तसंच. आमची मुलगी दिल्लीत वाढलेली, ती तुतीला शहतूतच म्हणायची. ‘आई, काका-आजोबांनी आज शहतूतची चाय केलीय, मला नको,’ म्हणून ती पलंगाखाली लपली. कारण या साऱ्या प्रयोगांची चव आधी आम्ही घ्यायची, असा शिरस्ता होता. खात्री झाल्याखेरीज काका काकूंपुढे कप नेत नसत. दुपारी जिन्यावर काकांच्या चपला वाजल्या की खालच्या घरांची दारं हळूच लागायची. मी तेवढी सापडायचे.

शेवटी कुणीतरी त्यांना खजूर सुचवला. खारी बावलीला जाऊन काकांनी मऊ, काळसर खजूर निवडून आणला. चव जमली, पण पाक गढूळ होत होता. पंच्याचं कापड फार घट्ट, चाळणी फार मोकळी, जुनं धोतर मधेच फाटलं. तेव्हा काकांनी ठरवलं की पानिपतला जाऊन हातमागाचं विरळ कापड आणायचं. हे कळल्यावर जिन्यात जो तो त्यांची चेष्टा करू लागला. मराठी माणूस आपल्या पायाने पानिपतला चाललाय, विश्वास गेला तो तिथेच, तुम्ही तरी परत येणार ना, वगैरे. काका पिशवी खांद्याला लावत म्हणाले, ‘आपले लोक तिथे उपाशीपोटी लढले. मी डबा घेऊन चाललोय.’ संध्याकाळी ते विजयी होऊन परतले. बरोबर कापडाचा एवढा गठ्ठा होता की पुढची दोन वर्षं साऱ्या क्वार्टर्समध्ये चक्का बांधायला, भांडी पुसायला आणि खिडक्यांना पडदे म्हणून तेच कापड होतं.

त्या कापडाने काम केलं. काकांची कृती अगदी साधी, पण ती सांगताना ते असा आवाज काढत की कुणाला वाटावं मुंज लागतेय. खजुराच्या बिया काढायच्या, कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालायचा, सकाळी हाताने कुस्करायचा. मिक्सर नाही, ‘मिक्सरला कळत नाही कुठे थांबायचं.’ मग कापडात बांधून पिळायचा आणि जे पाणी येईल ते मंद आचेवर आटवत बसायचं. बशीत थेंब टाकून बशी तिरपी करायची. थेंब पळाला तर अजून वेळ आहे, जागच्या जागी रेंगाळला तर उतरवायचा. आणि चहात घालायचा तो चहा कपात ओतल्यावर, आच बंद झाल्यावर, म्हणजे दूध फाटत नाही. हे शेवटचं सत्य त्यांना किती फाटलेल्या चहांनंतर सापडलं ते मला माहीत आहे, कारण ते चहा मी प्यायले आहे.

पहिला जमलेला कप काकांनी दोन्ही हातांनी काकूंपुढे धरला. मीही वर गेले होते. काकूंनी घोट घेतला. काकांनी विचारलं, ‘कसा झालाय?’ काकू म्हणाल्या, ‘ठीक आहे.’ कप मात्र त्यांनी पुरा संपवला. पुढच्या संक्रांतीला काकांनी त्याच पाकात तीळ घोळून लाडू वळले, काहीसे मऊ, काहीसे वाकडे. अतिथिगृहाच्या त्या हॉलमध्ये काकूंनी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा तिळाचा लाडू कपाळाला न लावता तोंडात घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी विचारलं, ‘कसा झालाय?’ काकू म्हणाल्या, ‘ठीक आहे.’

हे असंच चालू राहिलं. दर पंधरवड्याला पाक व्हायचा, काका विचारायचे, काकू ‘ठीक आहे’ म्हणायच्या. काका त्या दोन शब्दांचा दिवसभर कीस काढत. आज ‘ठीक’वर जोर होता, आज ‘आहे’ जरा लांबलं, आज म्हणताना तिनं खिडकीबाहेर पाहिलं. एकदा पाक ढवळता ढवळता ते मला म्हणाले, ‘एकदा तिनं छान म्हटलं ना सूनबाई, की मी सुटलो. मग समजायचं तिनं मनातून काढून टाकलं.’ मी म्हटलं, ‘काका, मी सांगून बघू का त्यांना?’ ते घाबरून म्हणाले, ‘नको नको. तिचं उत्तर तिला देऊ दे.’ मीही मग तो विषय काढला नाही.

वर्षं गेली. क्वार्टर सुटले, काका-काकू नोएडाला गेले, आम्हीही यमुनेपलीकडे जवळच घर घेतलं. काका आमच्याकडे येताना पाकाची बाटली घेऊन यायचे, कारण काकूंना चहा दिला जाणार आणि आमच्याकडच्या पाकावर त्यांचा विश्वास नव्हता. मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते. एका थंडीत कळलं की काका पाक करायचाच विसरले. लाल दोऱ्याचा चमचा हातात घेऊन ते काकूंना विचारत होते, हा कशाचा? काकूंनी तो धुऊन फडताळात ठेवला आणि त्या बिनसाखरेचा चहा पिऊ लागल्या.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दोघं आमच्याकडे आले. काका स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, चेहऱ्यावर अगदी तान्ह्या मुलासारखं समाधान. मला त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे, पण ‘सूनबाई’ म्हणाले. मी आधण ठेवलं आणि सवयीने दारातून विचारलं, ‘काकू, चहा कसा करू?’

‘तीन चमचे साखर,’ काका म्हणाले. ‘हिला तीन लागतात. कमी नको घालूस, ती बोलणार नाही, पण तिला आवडत नाही.’

काकांचे ओठ मिटलेले नव्हते, कंठमणी हलला नव्हता. ते मजेत खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. गया, पंड्या, मुगलसराय, सारं त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं. उरली होती ती तीन चमचे साखर घेणारी बायको. मी काकूंकडे पाहिलं. काकू नेहमीसारख्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, ‘ते म्हणतायत ना, घाल.’

‘काकू, पण—’

‘सोडली कुणी होती? त्यांनीच ना?’ काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘आता तेच घाल म्हणतात. मी कोण मधे बोलणारी?’

मी आत जाऊन चहात साखर घातली. तीन चमचे. थोडी ओट्यावर सांडली. काकूंनी कप घेतला, पदराने कड पुसली आणि सावकाश, घोट घोट करत तो चहा प्यायल्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. का बघत होते हे त्यांना ठाऊक नसणार, पण बघायची सवय राहिली होती. ‘कसा झालाय?’ त्यांनी विचारलं.

काकूंनी रिकामा कप बशीत ठेवला. ‘छान झालाय,’ त्या म्हणाल्या. ‘खूप छान झालाय.’

‘अच्छा?’ काका खूश होऊन म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘बघ. मी सांगितलं होतं ना, तीन.’ आणि त्यांनी समोरच्या ताटलीतला चिवड्याचा एक घास उचलून तोंडात टाकला. काकू चष्मा काढून पुसत बसल्या. तो आधीच स्वच्छ होता.

पुढच्या वर्षी काका गेले. काकू त्यांच्या पिंडदानाला गयेला गेल्या की नाही, गेल्या असतील तर तिथे काय सोडलं, हे मी विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी त्या एकट्या माझ्याकडे आल्या. मी विचारलं, ‘काकू, चहात साखर घालू ना?’ आणि विचारल्यावर लक्षात आलं की आम्ही दोघीही उत्तरासाठी शेजारच्या खुर्चीकडे पाहतोय. काकू म्हणाल्या, ‘नको. खजुराचा पाक आहे का तुझ्याकडे?’ होता. त्या येणार म्हणून मी आदल्या दिवशीच केला होता, काकांनी शिकवला तसा, पानिपतच्या कापडाचा उरलेला एक तुकडा शोधून. चहा कपात ओतला, आच बंद केली, मग पाक घातला. दूध फाटलं नाही.

काकूंनी घोट घेतला. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही, म्हटलं, ‘कसा झालाय?’

काकूंनी आणखी एक घोट घेतला. ‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांचा छान व्हायचा.’